चिमावैनींच्या खानावळीतलं गेदर

रत्नागिरीत गाडीतळाजवळच्या चिमावैनींच्या खानावळीत सुरमई क्वचितच असे. असायचं ते गेदर. सुरमई खाणाऱ्यांनी नाकं मुरडावीत असं ते लाल, रक्ताळ मासळं. पण वैनी त्याचे जाड तुकडे मिठाच्या पाण्यात धूत, मधली काळी पट्टी काढून टाकत आणि त्रिफळं-आमसुलं घालून असं तिखलं करत, की बँकेतले चोखंदळ कारकूनही बोटं चाटत उठत.

गेदराची एक वाईट खोड आहे. ते उन्हात राहिलं की खाणाऱ्याच्या अंगावर गांध्या उठतात. म्हणून चिरण्याआधी कल्ला उचलून वास घ्यायचा, हे वैनी माहेरी, जयगडला शिकल्या होत्या. खानावळ त्यांच्या नाकावर चालली होती म्हणा ना!

आणि नेमकं तेच नाक गेलं. कोकण रेल्वे सुरू झाली त्या वर्षी त्यांना मोठा ताप आला. ताप उतरला, पण फोडणी करपली तरी कळेना. त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. वास न येणाऱ्या बाईच्या हातचं गेदर कोण खाणार? तरी त्या रोज कल्ला उचलायच्या, नाकाशी न्यायच्या, मान डोलवायच्या. पंगत उठेपर्यंत जीव टांगणीला असे.

त्यात नवऱ्याची, महिपतची कटकट. मासळीवाली राही दारात आली की हा आधी बाहेर. कधी मासळी आत यायची, कधी हा दारातूनच परत पाठवायचा.

"आज गेदर नको. माझं पित्त उठतं."

"तुमच्या एकट्याच्या पित्तापायी गिऱ्हाइकांना डाळ वाढू काय?" वैनी कडाडायच्या. तो मुकाट्याने नारळ खवायला बसायचा. या माणसाबरोबर मी कसे दिवस काढले ते माझं मला ठाऊक, असं त्या शेजारणींना ऐकवत.

अशी काही वर्षं गेली. मग एकदा महिपत बहिणीकडे चिपळूणला गेला, आणि राहीसमोर वैनी स्वतः बसल्या. गेदर उचललं, कल्ला उघडला, नाकाशी नेला.

"वैनी, कशाला हुंगताव?" राही हळूच म्हणाली. "तुमाला वास येत नाय, मला ठावं हाय."

वैनींच्या हातातलं गेदर टोपलीत पडलं.

"महिपतदादांनी कवाच सांगितलंय. रोज ते सोता हुंगून घेतात. मनाला येत नाय ते परत देतात. तिला कळू देऊ नको म्हणाले, कष्टी होईल. आज मीच हुंगून आणलंय, ताजं हाय."

इतक्या पंगती उठल्या, एकाच्याही अंगावर गांध्या उठल्या नाहीत. त्यासाठी वैनी देवाचे आभार मानत होत्या. देव तर घरातच नारळ खवत बसला होता, आणि त्या त्याला वाट्टेल ते बोलत होत्या.

महिपत परतला. दुसऱ्या दिवशी राही आली तेव्हा चार-पाच गिऱ्हाइकं आत चहा पीत होती. वैनींनी गेदर घेतलं आणि सगळ्यांदेखत नवऱ्यापुढे धरलं.

"अवो, जरा वास घेऊन सांगा. मला येत नाय."

महिपत गडबडला. गिऱ्हाइकांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, मग कल्ला उचलून लांब श्वास घेतला.

"चांगलं आहे," तो म्हणाला.

"मग आता चिरते," वैनी म्हणाल्या. चहा पिणाऱ्यांपैकी एकही उठून गेला नाही.