तुटलेले अणू जुळतात कुठे

मला काळजी करायला कारण लागत नाही. त्यात नोकरी पहिली, तीही अजून पक्की न झालेली, आणि काम असलं: अंतराळातून परत येणाऱ्या एका छोट्या यानाभोवतीची हवा किती तापेल, ते हैदराबादच्या कार्यालयात बसून संगणकावर काढायचं. यान हवेत शिरलं की समोरची हवा दबते, हजारो अंश तापते. ऑक्सिजन-नायट्रोजनचे रेणू तुटून अणू सुटे होतात आणि तो सगळा वायू स्वतःच उजेड फेकायला लागतो. माझ्या आकड्यावरून यानाच्या कवचाची जाडी ठरणार होती. आकडा देऊन मी चार दिवस हैदराबादच्या उत्तरेला, नेरडीगोंड्याजवळच्या आमच्या गावी आले. सोमवारी सकाळी कवचाचं ड्रॉइंग कारखान्यात जायचं होतं.

शनिवारी दुपारी बाबांनी मला गाठलं. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. आजोबांचा जन्म दुसऱ्याच्या शेतात राबण्यात गेला, म्हणून मुलीच्या नोकरीचं बाबांना भारी कौतुक, आणि तितकीच धास्ती. आमच्या मध्ये उकडलेल्या तुरीच्या शेंगांची परात होती. मी ऐटीत सांगत होते, की तुटताना रेणू उष्णता खातात, म्हणून हवा वाटते त्यापेक्षा कमी तापते.

"मंग ते तुटलेले अणू तसेच राह्यतात का?" बाबांनी विचारलं.

"नाही. परत जुळतात."

"कुठं?"

"थोडी थंड जागा मिळाली की. यानाच्या भिंतीवर, म्हणजे कवचावरच."

"आन् खाल्लेली उष्णता?"

"तिथंच सोडतात," मी म्हणाले, आणि माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

आमचा प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात कधीच चालायचा नाही. म्हणून आधी भिंत 'झोपवायची', म्हणजे तिच्यावर अणू जुळतच नाहीत असं एका ओळीत लिहायचं आणि गाडी रुळावर आली की ती ओळ बदलायची. विसरू नये म्हणून स्क्रीनच्या कडेला चिठ्ठी चिकटवायचा रिवाज होता. मी चिठ्ठी लावली नव्हती. आपल्या लक्षात राहतं, असा माझा समज होता. पुढे कित्येक आठवडे मी त्या वायूच्या उजेडाचा हिशेब घासूनपुसून लख्ख करत बसले आणि भिंत झोपलेलीच राहिली. कवचावर माझ्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता पडणार होती.

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला.

"तुयी नोकरी पक्की व्हायची हाय अजून. परत गेल्यावर हळूच दुरुस्त कर."

"तोवर ड्रॉइंग गेलेलं असेल, बाबा."

"ते कवचवाले लोक जाडी जास्तच धरत असतील. तू काऊन सांगतं? गप बस." मग थांबून म्हणाले, "म्या इचारालेच नाई पाह्यजे होतं."

मी त्यांच्यावर भयंकर चिडले. आयुष्यभर पोरांना प्रश्न विचारा म्हणून सांगणारा हा माणूस! खरं तर मलाही गप्पच बसायचं होतं, म्हणून जास्त चिडले. आवाज चढवून काहीबाही बोलले आणि चपला घालून निघाले. मागून तेही आले.

हायवेवर चहाच्या टपरीला लागून एसटीडी बूथ होता. कार्यालयातल्या माझ्या साहेबांच्या घरचा नंबर दोनदा लागला नाही, आणि दोन्ही वेळा मला हायसं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. तिसऱ्यांदा लागला. बाहेरून ट्रक जात होते, मी एका दमात सगळं ओरडून सांगितलं.

"ड्रॉइंग थांबवतो," साहेब म्हणाले. "उद्या ये."

बाबा काचेबाहेर पाठ करून उभे होते.

माझी नोकरी पक्की व्हायला वर्षभर उशीर झाला आणि तेवढा काळ मी इतरांचे आकडे तपासत बसले. कवच जाड झालं. पुढे यान परत आलं, समुद्रातून काढलं, आणि कवचाचा एक तुकडा कापून टेबलावर ठेवला. कुणीतरी त्याच्यावर जुन्या जाडीची रेघ पेन्सिलीने ओढली. जळून काळं पडलेलं रेघेच्या पलीकडे गेलं होतं. मी खुर्ची ओढून बसले.

संध्याकाळी बाबांना फोन केला. ते खूश होतील असं वाटलं होतं. सगळं ऐकून त्यांनी रेघ कुठं होती ते परत एकदा विचारून घेतलं.

"प्रश्न तुमचाच होता, बाबा," मी म्हणाले.

"हाव," ते म्हणाले. "पन गप बस असंबी मीच म्हणलं होतं."