सोजरमावशीचं विरजण

आमची सोजरमावशी शेतात शिरताना बांधावर चपला काढायची. भर मे महिन्यात भुई तव्यासारखी तापलेली असली तरी. विचारलं की म्हणायची, "खाली लेकरं हायत रं. त्यांच्या डोक्यावर जोडा ठिवू व्हय?" लेकरं म्हणजे गांडुळं. ही गांडुळं इतकी जाड, की शेजारच्या गड्यानं एकदा कासरा समजून एक गांडूळ बैलाला बांधलं आणि दिवसभर औत हाकलं. मी डोळ्यानं पाहिलेलं नाही. पण ज्यानं सांगितलं तो माझ्याइतकं खोटं बोलत नाही.

केजहून जीपनं गेलं की आमचं गाव, कडेला आमची बौद्धवस्ती, आणि वस्तीपलीकडे मावशीचं दोन एकर सोयाबीन. एका उन्हाळ्यात सोसायटीनं ठराव केला: रानातलं भुसकट जाळायचं, बांधावर तणनाशक मारायचं, जो करणार नाही त्याला बियाणं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशी उठली.

"चेरमन, माझ्या बांधावर वाळवी हाय, गोम हाय. त्यान्ला इचारलं का?"

"सोजर, बियाणं पायजे का न्हाई?"

"न्हाई पायजे! तुमच्या गोदामातले उंदरं तरी जगतील."

घरात ठेवलेल्या शेंगा तिनं काठीनं हलकेच बडवल्या आणि त्यातलं बी पेरलं. उगवलं नसतं तर वर्षभर रान पडीक आणि चूल गार. उगवलं. मग पाऊस असा पळाला, की बिंदुसरा नदीतले मासे म्हणे बीडच्या स्टँडावर पुण्याची एसटी बघत उभे! गावाच्या सोयाबीननं माना टाकल्या. मावशीचं ताठ. तिच्या मातीत हात घातला तर भाकरीच्या मळलेल्या पिठासारखी मऊ ओल.

पुढच्या उन्हाळ्यात चेअरमन ट्रॅक्टर घेऊन दारात.

"सोजरबाई, एक ट्रॉली माती द्या. भाव बोला."

'बाई' हे शेपूट त्या दिवशी पहिल्यांदा लागलं.

"ही माती म्हंजी इरजण हाय. इरजणाचा भाव करत्यात व्हय? आन् इरजण ट्रॉलीनं नेत्यात?"

वस्तीतल्या घरचं विरजण गावानं पिढ्यान्‌पिढ्या शिवलं नव्हतं. चेअरमन खाली बघू लागले. मावशी दारातून हलेना.

"म्हणा, इरजण द्या."

"…द्या. इरजण द्या."

"टोपलीभर न्या. भुसकटाखाली झाकून ठिवा. पेटवलंत, फवारलंत, तर मेलेल्या दुधाला माझं इरजण लागायचं न्हाई."

मग सगळा गाव टोपल्या घेऊन आला. ठराव चेअरमननीच रद्द केला; कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, असंही वहीत लिहून ठेवलं.

मावशी गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी चेअरमनची बायको वाटी घेऊन वस्तीत आली. मी खोरं उचललं.

"माती न्हाई रे," ती म्हणाली. "दह्याचं दे."

मावशीच्या मडक्यात तिच्या हातचं थोडं दही उरलं होतं. दिलं. चेअरमनच्या बायकोनं वाटी पदराखाली लपवली नाही. उघडी धरून भर गावातून नेली.

हे मात्र मी डोळ्यानं पाहिलं.