आइस्क्रीम मी खाल्लं होतं

आमच्या घरात एक गोष्ट गेली तीन वर्षं हसत सांगितली जाते. मुलाने आणलेलं भारी चॉकलेट आइस्क्रीम माझ्या बायकोने चोरून संपवलं, तिची साखर चारशेच्या वर गेली आणि तिला तीन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं, अशी ती गोष्ट. यातला दवाखाना तेवढा खरा आहे. आइस्क्रीम मी खाल्लं होतं. साखरही माझ्यामुळेच वाढली होती.

मी ऊर्जानगरच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये होतो. दर तासाला काटे पाहायचे आणि लॉगबुकात आकडे लिहायचे, हे माझं काम. आकडा चुकला तर खोडायचा नाही. त्यावर एक रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. नोकरीत हे मी कितीदा तरी केलं. घरात एकदाही केलं नाही.

मुलगा नागपूरला असतो. त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला तो आणि सून आले ते थर्माकोलच्या पेटीत आइस्क्रीमचे दोन डबे घेऊन. वंदना झाली, खीर झाली, मग एक डबा उघडला. त्यात सगळ्यांचं भागलं. बायकोने सुनेच्या वाटीतून जेमतेम चव पाहिली आणि "कडू हाय बाई" म्हणून बाजूला झाली. दुसरा डबा फ्रीजरमध्ये राहिला. महिन्याभराने परत येऊ तेव्हा खाऊ, असं मुलगा म्हणाला.

मला ते कडूपणच आवडलं होतं. आमच्याकडे आइस्क्रीम म्हणजे लग्नातलं, गुलाबी नाहीतर पिवळं, द्रोणात पडल्याबरोबर पाणी होणारं. हे तसं नव्हतं. जिभेवर ठेवलं की आधी नुसता गारवा, मग कोकोचा कडवटपणा, आणि गोडी सगळ्यांत शेवटी, तीही थोडीच. तिसऱ्या दिवशी दुपारी बायको कूलरसमोर झोपलेली असताना मी डबा काढला. चार चमचे खाल्ले आणि चमच्याच्या पाठीने वरचा भाग सारखा केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवडाभरात वरचा भाग सारखा करण्यात अर्थ राहिला नाही.

एकच अडचण होती. आमचा फ्रीज जुना, एका दाराचा. मे महिन्यात चंद्रपुरात दुपारी भिंतीसुद्धा हाताला चटका देतात. त्या उन्हात आइस्क्रीम पिठल्यासारखं सैल पडायचं. पहिल्या दिवशी, बर्फातून नुकतंच काढलेलं, त्यात चमचा जोर लावून घालावा लागला होता. मला ते तसंच हवं होतं. म्हणून मी फ्रीजमधला गारव्याचा काटा तीनवरून सातवर नेला. सात म्हणजे शेवटचा आकडा. दुसऱ्या दिवशी आइस्क्रीम झकास घट्ट झालं होतं.

बायकोचं इन्सुलिन त्याच फ्रीजमध्ये, फ्रीजरच्या खालच्या फळीवर, स्टीलच्या डबीत असायचं. एका सकाळी ती आंघोळीला गेली होती म्हणून मी बाटली काढून ठेवायला गेलो, तर आत बर्फ. मी ती मुठीत धरून बसलो. वितळल्यावर पाणी स्वच्छ दिसलं. बर्फाचं पाणी झालं म्हणजे होतं तसं झालं, असं मला वाटलं. मी बाटली तिच्यासमोर ठेवली. काटा मी खाली आणला नाही, कारण डब्यात अजून थोडं आइस्क्रीम उरलं होतं.

दहाएक दिवसांत तिला सारखी तहान लागायला लागली. मग चक्कर आली. मुलाला फोन केला, ती दोघं नागपूरहून आली आणि आम्ही तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "इन्सुलिन बरोबर ठेवता ना?"

मी म्हणालो, "फ्रीजमध्येच असते."

हे खोटं नव्हतं. म्हणूनच मला ते इतक्या सहज बोलता आलं.

सून घरून कपडे आणायला गेली आणि येताना गंभीर चेहऱ्याने आली. नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाली, "डबा रिकामा आहे." मुलगा आईजवळ गेला.

"आई, खरं सांग. आइस्क्रीम खाल्लं?"

"म्या एक चमचा बी नाई खाल्लं."

"मग कोणी खाल्लं?"

ती माझ्याकडे पाहायला लागली. संशयाने नाही, मी काही सांगेन म्हणून. मी सलाईनच्या बाटलीकडे पाहिलं. मला ऐंशीला दोन वर्षं कमी असताना सुनेसमोर हावरट ठरायची लाज वाटली. त्या क्षणी कारण एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी सिंदेवाहीहून तिचा मोठा भाऊ आला. भात संशोधन केंद्रात नोकरी करून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस. हिला त्यानेच शिकवलं, लग्नही त्यानेच लावून दिलं. तो पलंगाशी उभा राहून म्हणाला, "बाई, जीभ आवरत नाई तं नको आवरू. पन लेकराइसमोर खोटं काऊन बोलतं?" ती रडली. शेजारच्या पलंगावरच्या बाया ऐकत होत्या.

ती घरी आल्यावर मी इन्सुलिनच्या खोक्यातला कागद वाचला. गोठलेल्या औषधाचा गुण जातो, ते वितळल्यावरही वापरू नये, असं त्यात लिहिलं होतं. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून फेकली आणि काटा तीनवर आणला. म्हणजे आठवड्याभरात मला सगळं माहीत झालं होतं. त्यानंतरची तीन वर्षं मी गप्प राहिलो, ती माहीत असून.

त्या तीन वर्षांत ती गोष्ट मजेची झाली. यंदा पौर्णिमेला जावई आइस्क्रीमच्या वाट्या भरत होता. लेकीचं लग्न उशिरा झालं, त्यामुळे तो आमच्या घरात येऊन दोनच वर्षं झालीत. म्हणाला, "आईंच्या हाती डबा देऊ नका बाप्पा, सकाळपर्यंत नुसतं झाकण राहील!" सगळे हसले. बायको पण हसली. आधी ती "म्या नाई खाल्लं" म्हणायची. या वेळी म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुणे गेल्यावर ती तांदूळ निवडत होती, तेव्हा मी सांगितलं. चमचे, काटा, बर्फ, कागद, सगळं. तिचा हात सुपात थांबला.

"तुमी खाल्लं?"

"हो."

"अख्खा डबा?"

"हो."

"आन वरून मले बर्फाचं इंजेक्शन देलं." ती सूप बाजूला ठेवून उठली आणि माझा मोबाइल घेऊन आली. "लावा. पोराले लावा. स्पीकरवर."

मी मुलाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तरी सांगायचं." सून मागून म्हणाली, "आई, माझं चुकलं." मग जावयाला लावला. तो म्हणाला, "आता मी मजा कोणाची करू?"

"यायची कर," ती माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली. "हे इथीच बसून हायत."

तिसरा फोन लावायला तिने सांगितलं नाही. मोबाइल हातात धरून बसली. तिचा भाऊ गेल्या हिवाळ्यात वारला.

चार दिवसांनी आम्ही सिंदेवाहीला गेलो. तिच्या वहिनीला मी समोर बसून सांगितलं. वहिनीने ऐकून घेतलं. म्हणाली, "ते बिमार होते तवा बी म्हनत, बाई भेटाले आली तं तिच्यापुढं गोड ठेवू नका. जीव होता न तिच्यावर." तिला बरं वाटावं म्हणूनच वहिनी हे बोलली असावी.

परतीच्या बसमध्ये बायको खिडकीशी बसली. मूल गावच्या थांब्यावर बस थांबली, माणसं उतरली, तेव्हा बाहेर पाहतच म्हणाली, "बर्फाचं म्या सोडून देलं. नाई राहत मानसाले मालूम. खाल्लं ते बी सोडलं. पन दादा मले बोलून राह्यला होता, तवा तुमी तिथीच उभे होते ना?"

"होतो," मी म्हणालो.

"पलंगाच्या पायथ्याशी."

"हो."

बस सुटली. तिने मांडीवरची पिशवी आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली.