साडेशून्य

जगात पूर्ण असं काही नसतंच, असतं ते पाव, अर्धं किंवा फार तर पाऊण, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला आहे. तो म्हणजे आमचे मोठे बाबा, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. प्राथमिक शाळेत आयुष्यभर गणित शिकवून ते निवृत्त झाले, पण अपूर्णांकांनी काही त्यांना निवृत्त केलं नाही. "कसे आहात?" असं कुणी विचारलं की ते "पाऊण बरा हाय" म्हणतात. उरलेल्या पावाची चौकशी करायची नसते. केली, तर गुडघा, मोतीबिंदू आणि मोठ्या आईचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, आळणी वरण या तिघांचा समान छेद काढून बेरीज करून दाखवतात. गावाबाहेरची बोडी, म्हणजे लहान तळं, काठोकाठ भरली म्हणून सगळं केशोरी गाव पाहायला जातं, तेव्हा हे धोतर सावरत काठावर उभे राहतात, बराच वेळ पाहतात आणि म्हणतात, "पाऊण."

अर्जुनी मोरगावला एका गाडीवर त्यांना पहिल्यांदा पावभाजी खायला घातली, तेव्हा त्यांनी मालकालाच विचारलं, "पाव भाजी म्हणून राहिला, अन् देऊन राहिला वाटीभर. बाकीची पाऊण कोणाची?" मालक हिंदीवाला. त्याने घाबरून अजून दोन पाव आणून ठेवले. आमच्याकडे पाहुण्यांना पावणे म्हणतात. मोठ्या आईने स्वयंपाकघरातून "पावणे आले" म्हटलं, की हे आतून ओरडतात, "किती? पावणेदोन का पावणेतीन?" यावर सगळे पाहुणे हसतात. माझ्या चुलत बहिणीला पाहायला आलेले एक गृहस्थ तेवढे हसले नव्हते. ते गेल्यावर मोठे बाबा म्हणाले, "सोयरीक नाही जमत. माणूस पूर्णांक हाय." आणि खरंच जमली नाही.

वैर एकाच गोष्टीशी, दशांश चिन्हाशी. "एवढ्याशा ठिपक्यावर कायचा भरवसा?" हा त्यांचा प्रश्न. एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरवर माशी बसली, नेमकी पंचवीस तारखेच्या दोन आणि पाचाच्या मध्ये. मला हात धरून तिथे नेलं. "पाह्य. अडीच तारीख झाली."

संध्याकाळी घरापुढच्या छपरीत दरी, म्हणजे सतरंजी, टाकून ते गल्लीतल्या पोरांकडून पावकी, निमकी, दिडकी म्हणून घेत. पाव, अर्ध्या आणि दीडचे हे पाढे रस्त्यापर्यंत ऐकू यायचे. पण मुलं एकेक करून इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसू लागली. मग एक दिवस समोरच्या घरातली काकू येऊन म्हणाली, "गुरुजी, राग नका मानू. तुमच्या दिडकीपायी पोट्टे वन पॉइंट फाइव्ह विसरून राहिले. ट्यूशनले टाकतो त्यायले." मोठे बाबा "टाक ना" म्हणाले. दुसऱ्या दिवशीही त्यांनी दरी टाकली, फळ्यावर गणित लिहिलं आणि दिवेलागणीला स्वतःच पुसलं. असे बरेच दिवस गेले. त्या दिवसांत "कसे आहात?" विचारलं तर ते नुसते "हाय" म्हणत. हाय म्हणजे किती, हे सांगत नसत.

मी तेव्हा कॉलेज संपवून नोकरीची वाट बघत घरी बसले होते. एका दुपारी ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "तू इंग्रजीत शिकली ना? समोरचीले सांगून आलो, आज दोन्ही भाषेत शिकवू. आजचा दिवस पाहतो म्हणे, नाही जमलं तर ट्यूशन हायच."

"माझा आवाज कुणाला ऐकू जात नाही," मी म्हटलं.

"पाव आवाज हाय तुहा. चालते. ऐकायसाठी पोट्टे गप बसतील."

संध्याकाळी काकू तिच्या दोन मुलांना आणि दोन वेण्यांच्या मुलीला घेऊन आली आणि उंबऱ्यापाशीच उभी राहिली. मी खडू घेतला. फळ्यावर 4.5 लिहून म्हटलं, "फोर पॉइंट फाइव्ह म्हणजे साडेचार." मुलं खरंच गप्प बसली. धीर आला. 3.5, साडेतीन. 2.5, साडेदोन. आता जीभ उतारावर लागली होती. 1.5. "साडेएक," मी म्हणाले.

आत तांदूळ निवडणारी मोठी आई सूप खाली ठेवून हसली. "साडेएक. ऐकलं का वो? लग्नाची पोट्टी, अन् साडेएक म्हणून राहिली." काकूनेही पदर तोंडाला लावला. मला फळ्याच्या मागे जाऊन राहावंसं वाटलं. आता दरी कायमची गुंडाळली जाणार, आणि तीही माझ्यामुळे, हे मला दिसत होतं.

मोठे बाबा बराच वेळ फळ्याकडे पाहत होते. बोडीकडे पाहतात तसे.

"काऊन हासून राहिल्या?" ते म्हणाले. "साडेचार हाय, साडेतीन हाय, मंग साडेदोन, साडेएक काऊन नाही? पोरीनं क्रम पकडला. अडीच अन् दीड हे मधातच घुसलेले पावणे हायेत. त्यायचं नाव ध्यानात ठेवाचं, पण घर साड्यायचंच हाय."

दोन वेण्यांची मुलगी उठून उभी राहिली. "गुरुजी, मंग साडेएकच्या खाली साडेशून्य."

"साडेशून्य म्हणजे किती वो?" मोठ्या आईने आतून विचारलं.

"झिरो पॉइंट फाइव्ह," मुलगीच म्हणाली.

"अर्धा," तिचा धाकटा भाऊ म्हणाला.

मोठे बाबा इतके हसले की त्यांना टोपी काढून डोळे पुसावे लागले. एवढी वर्षं शिकवलं, पण साडेशून्य त्यांना कधी भेटलं नव्हतं. त्यांनी स्वतः खडू घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा दशांश चिन्ह काढलं. चांगलं बोराएवढं. माशीशी गफलत नको म्हणून.

"उद्या दरी मोठी टाका गुरुजी," काकू जाताना म्हणाली. "माह्या जावेचे पोट्टेही धाडतो."

नंतर गल्लीत माझं नावच साडेएकताई पडलं. मला नागपूरला नोकरी लागली, तेव्हा निघताना सगळी दरी बसथांब्यावर आली होती. आता रविवारी फोन करते. मागे मुलांचा गलका असतो, कुणीतरी दिडकी चुकत असतं, कुणी पॉइंटवरून भांडत असतं. मी नेहमीसारखं विचारते, "कसे आहात मोठे बाबा?"

पूर्वी पाऊण असायचे.

"साडेशून्य," ते म्हणतात, आणि आम्ही दोघंही मोठ्याने हसतो. मग म्हणतात, "दिवाळीले येशील ना? बाकीचं अर्धं तव्हा मांडू."