लाखोळीच्या दाण्यांवर तीन पत्ती

लग्न होऊन एकोडीला आले, तेव्हा शेजारच्या मावशीनं मला तीन पत्ती शिकवली. पैशांऐवजी आम्ही लाखोळीचे दाणे लावायचो. पत्ते चांगले आले की मावशी एकदम हळू बोलायची. "पत्त्याइकडे कायले पाहून राहिली? माह्या तोंडाकडे पाह्य," म्हणायची.

आमच्या घरात पत्त्यांना बंदी होती. एका दुपारी सासूबाई मावशीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी पत्ते पदराखाली लपवले. मावशीनं मात्र शांतपणे तिसऱ्या जागेवर पत्ते वाटले.

"बस बाई. तिघी असलो का डाव रंगते."

सासूबाई बसल्या आणि पत्ते न उचलताच मूठभर दाणे पुढे सरकवले.

मावशी आता नागपूरला लेकाकडे राहते. तिचा फोन सासूबाईच आधी घेतात.

"कवा येऊन राहिली तू?" एवढंच विचारतात.