भाऊची कार्डं मी लॅमिनेट केली

वहिनीचा फोन आला तेव्हा मी सावली गावातल्या माझ्या दुकानात एका आजोबांचं रेशनकार्ड लॅमिनेट करत होते. "बाई, तुमचे भाऊ गेले," एवढंच ती बोलली. कार्ड मशीनमधून बाहेर येईपर्यंत मी तशीच उभी राहिले, ते थंड होऊ द्या असं आजोबांना सांगितलं, आणि मग शटर ओढलं. याला दीड महिना झाला. हल्ली मी एका जागी बसू शकत नाही. दुकानात असले की घरी जावंसं वाटतं, घरी आले की भाऊच्या क्रिकेटकार्डांचा डबा या कपाटातून त्या कपाटात हलवत राहते…

गजाननभाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आमच्या लहानपणी च्युइंगगमच्या पाकिटात क्रिकेटपटूंची कार्डं निघायची. बाकीची पोरं ती खेळून खेळून चुरगाळून टाकायची. भाऊ गम मला द्यायचा आणि कार्ड वहीच्या पानांत दाबून ठेवायचा. हात धुतल्याशिवाय कोणाला शिवू द्यायचा नाही, आणि धरायचं ते कडेनंच. आई म्हणायची, याचं लग्न झालं की बायकोलाही हा कडेनंच धरेल.

पुढे तो कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रात लागला, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहायला गेला आणि त्याचं राखेशी वैर सुरू झालं. सकाळी पुसलेल्या टीव्हीवर संध्याकाळी बोटानं नाव लिहावं, अशी तिथली राख. भाऊनं झाकणाला रबर असलेला स्टीलचा डबा आणला, एकेका कार्डाला मापाचं पारदर्शक कव्हर बेतलं. ट्रान्सफॉर्मरला हवेतली ओल शोषणारे निळे खडे लागतात. ते बदलले की टाकाऊ खडे तो मागून आणायचा आणि पुरचुंडी करून डब्यात ठेवायचा. ओल पिऊन ते गुलाबी झाले की एका जुन्या तव्यावर भाजायचे, की पुन्हा निळे. पावसाळ्यात दर रविवारी हा कार्यक्रम. वहिनी वैतागायची, "लोकाइच्या घरी रविवारी मटण शिजते, आमच्या घरी गोटे भाजून राह्यले."

मागच्या वर्षी ऑपरेशनसाठी नागपूरला जाताना त्यानं डबा माझ्याकडे दिला. "वंदे, तुह्यापाशी ठेव. घर बंद राह्यलं तर कसर लागन." मी हो म्हटलं. आणि मग मला अवदसा आठवली. गावाच्या मार्कशीटा, सातबारे माझ्याच मशीनमधून टिकाऊ होऊन जातात. मग सख्ख्या भावाच्या कार्डांसाठी एवढंही करू नये? तीन दुपारी बसून मी सगळी कार्डं कव्हरांतून काढली आणि लॅमिनेट केली. एकही तिरकं गेलं नाही, याचा मला केवढा अभिमान होता.

तो परत आला त्याच दिवशी मी डबा नेऊन दिला, त्यानं उघडला. वरचं कार्ड कडेनं धरून उजेडात फिरवून पाहिलं. मग म्हणाला, "मस्त झालं. आता राख नाई बसत." मी खूश. महिनाभरानं त्याच्याकडे गेले तर डब्यातले खडे गुलाबी. म्हटलं, "भाऊ, भाजले नाई काऊन?"

"राहू दे. आता कायले लागते?"

तेव्हा कुठे माझ्या मनात पाल चुकचुकली. मोबाइलवर शोधलं. कार्डं जमवणारे लोक लिहीत होते की लॅमिनेशन केलं म्हणजे कार्ड संपलंच, प्लास्टिक पुन्हा सुटत नाही. मी रडत त्याला फोन केला. तो हसला. "कोण म्हणते खराब झाले? मले कुठी इकाचे हायेत." मी विश्वास ठेवला, कारण मला ठेवायचा होता.

तेरावं झाल्यावर वहिनीनं डबा माझ्या हाती दिला. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक कार्ड सापडलं. त्याची कड ब्लेडनं कापलेली होती आणि प्लास्टिकबरोबर फलंदाजाचा चेहराच सोलून आला होता. मी वहिनीकडे पाहिलं.

"दवाखान्यातून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी करून पाह्यलं त्याइनं," ती म्हणाली. "मंग पेपरात गुंडाळून ठेवलं. मले म्हणे, वंदीले सांगू नको, तिनं लय मेहनतीनं केलं."

म्हणजे मी रडत फोन केला तेव्हा त्याला सगळं ठाऊक होतं. लहानपणी एकदा कार्डाला माझं तेलकट बोट लागलं, तर त्यानं पाठीत असा धपाटा घातला होता की आईनं त्यालाच रागावलं. तसा एक या वेळीही घालायचा होतास, भाऊ. मी रडले असते, दोन दिवस तुझ्याशी बोलले नसते, आणि मग आपलं मिटलं असतं.