काकांच्या मापाची वाट

माझ्या मावशीने चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, पण कबूल केलेल्या तारखेला कपडे मिळाले असं सांगणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय. अशा बाईने सतरा रविवारांत एक अख्खी वाट पुरी केली, तीही ठरल्या दिवशी. हे स्वतः पाहिलं नसतं तर मी कुणाच्या बापाचं ऐकलं नसतं. पाहिलं म्हणजे काय, मुरमाची घमेली वाहिली. मी विमा कंपनीत दिवसभर फोन उचलणारी बाई, घमेलं कुठल्या बाजूने धरतात हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

मावशीच्या दुकानासमोर एक गल्ली, आणि गल्लीपलीकडे अभयारण्याचं फाटक. अभयारण्य म्हटलं की वाघबिघ डोळ्यांसमोर येतात, तसलं काही नाही. एके काळी तिथे विटांची भट्टी होती. माती काढून काढून मोठा खड्डा झाला, त्यात पाणी साठलं, पाण्यावर पाणकोंबड्या आल्या, त्यांच्यामागून बगळे, कासवं, मुंगसं, आणि सगळ्यांत शेवटी सरकारी पाटी. चारी बाजूंनी इमारती आणि मध्ये हे हिरवं प्रकरण. तळ्याकडे जायला मोडक्या पायऱ्या होत्या, त्या उतरताना धडधाकट माणसालाही देव आठवत असे. म्हणून तिथला वनरक्षक एक दिवस दुकानाच्या काचेवर चिटकवायला कागद घेऊन आला. फाटकापासून तळ्यापर्यंत नवी वाट करायची होती आणि स्वयंसेवक हवे होते. मावशीने कागद वाचला, मशीन थांबवलं आणि विचारलं, "त्या वाटेवरून चाकाची खुर्ची जाईल का?"

खुर्ची काकांची, म्हणजे मावशीच्या नवऱ्याची. काका तीस वर्षं बसचालक होते. साखरेच्या आजाराने त्यांचा एक पाय गुडघ्याखालून नेला, आणि त्या दिवसापासून ते दुकानामागच्या खोलीत खिडकीपाशी बसून समोरची भिंत बघायचे. दोन वर्षं घराबाहेर पडले नव्हते. कुणी नेतो म्हटलं की भडकायचे. "तीस वर्षं मी लोकांना नेलं. आता लोकांनी मला ढकलत न्यायचं?" मावशीने त्या दिवशी वाटेचा विषय काढला, तेव्हा ते भिंतीकडे बघतच म्हणाले, "माझी मला चालवता येईल अशी वाट दाखव, मग येतो. एकदाच येईन. कुणी हात लावायची वेळ आली, तर पुन्हा विषय काढायचा नाही."

मावशी "बरं" म्हणाली. या "बरं"चा अर्थ काकांना कळला नसेल, पण आम्हा नातेवाइकांना पुरता ठाऊक आहे.

पहिल्या रविवारी ती गळ्यात टेप अडकवून, पर्समध्ये शिंप्याचा खडू घेऊन हजर झाली. खडू मातीवर उमटेना, तेव्हा वनरक्षकाने चुन्याची फक्की दिली. तिने वाकून अशी काही रेघ मारली की तिथले दातांचे डॉक्टर बघतच राहिले. हे डॉक्टर आमच्यातले सर्वांत उत्साही आणि सर्वांत निरुपयोगी स्वयंसेवक. टिकाव मारताना प्रत्येक घावाआधी "दुखणार नाही हं" म्हणायचे.

उतार किती ठेवायचा ते वनरक्षकाने शिकवलं. एक फूट खाली जायचं तर बारा फूट लांबी हवी. मावशीने ते असं मनावर घेतलं की कुठे एक बोट जास्त उतार दिसला तरी "उसवा" म्हणायची, आणि आम्ही धुम्मस मारून घट्ट बसवलेला मुरूम पुन्हा उकरायचो. मी चिडून दोनदा घरी निघून गेले होते. दोन्ही वेळा तिने मला फोन करून एवढंच सांगितलं, "फावडं घेऊन गेलीस तू." ते परत द्यायला जावं, तर हातात घमेलं यायचं.

तळ्याच्या जरा अलीकडे एक जुनं झाड आणि एक विटांचा ढीग समोरासमोर होते. ढिगात मुंगसाचं बिऱ्हाड. वाट त्यांच्यामधून वळवावी लागत होती. वनरक्षक म्हणाला, "मावशी, इथे ऐसपैस ठेवू. ढिगाच्या कडेच्या विटा हलवल्या तरी मुंगसाला काही होत नाही."

"ढगळ दिसेल," मावशी म्हणाली. "मला ढगळ काम चालत नाही. वाट अंगासरशी बसली पाहिजे."

आणि तिने खुर्चीची रुंदी, वर चार बोटं सैल, एवढंच माप धरून ते वळण कापलं, बाहीचा मुंढा कापावा तसं गोल.

मावशीच्या हातून कुठलाही कपडा ट्रायलशिवाय जात नाही. तशी वाटेचीही ट्रायल झाली. काका दुपारी झोपले की आम्ही त्यांची खुर्ची पळवायचो. एकदा ते मध्येच उठले आणि खुर्ची कुठंय म्हणून ओरडायला लागले. मावशीने हातभर मुरूम लागलेल्या अवस्थेत सांगितलं, "तेल घालायला दिलीय." तिकडे डॉक्टर रिकामी खुर्ची फाटकापासून तळ्यापर्यंत सुसाट न्यायचे, आणि मावशी मागून बघत मान डोलवायची. सगळं मापात होतं.

सतराव्या रविवारी सकाळी काका आले. इस्त्रीचा खाकी शर्ट घातला होता. मावशीने आम्हा दहाबारा जणांना ओळीत उभं केलं आणि बजावलं, "कुणी हात लावायचा नाही. लावलेला दिसला, तर कात्री घेऊन येईन." बोलताना ती गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. ती एवढी घाबरलेली मी कधी पाहिली नव्हती.

काकांनी चाकं फिरवली. गल्ली ओलांडली, फाटकातून आत आले, उतार लागला. उतार असा मऊ, की खुर्ची आपणहून पळत नव्हती आणि अडतही नव्हती. काकांची मान ताठ झाली होती. आम्ही मागून चोरट्यासारखे चालत होतो. मग वळण आलं. खट्ट. डावं चाक झाडाच्या मुळाला आणि पाय ठेवायची उजवीकडची फळी विटांना. खुर्ची अडकली.

"मी इथे जरा उचलायचो," डॉक्टर हळूच म्हणाले.

मावशीने त्यांच्याकडे बघितलं. रिकामी, हलकी खुर्ची. उचलताना त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं आणि मागून बघताना आमच्याही. तिने माप सरळ खुर्चीचं घेतलं होतं, वळणाऱ्या खुर्चीचं नाही. तिचा चेहरा पांढरा पडला. डॉक्टर सवयीने वाकले, तेवढ्यात काका म्हणाले, "थांबा."

त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग न वळता विचारलं, "मागे कोण आहे?"

"मी," मी म्हटलं.

"किती जागा आहे?"

"दीड हात."

"मग मुकी का उभी आहेस? तोंडाने बोल."

"येऊ द्या," मी म्हणाले. फारच हळू निघालं, म्हणून पुन्हा म्हणाले. "येऊ द्या काका, येऊ द्या, येऊ द्या, बास!"

काका बोटभर पुढे गेले. पुन्हा मागे. डॉक्टर फावड्यावर थाप मारायला लागले. वनरक्षक पुढून दोन्ही हातांनी खुणा करायला लागला, आणि थोड्याच वेळात दहाबारा सुशिक्षित माणसं सकाळी सकाळी रानात "येऊ द्या, येऊ द्या" म्हणून बोंबलत होती. मुंगूस ढिगातून बाहेर येऊन आमच्याकडे बघून परत आत गेलं. सात वेळा मागेपुढे करून काका सुटले आणि सरळ तळ्याच्या काठाशी जाऊन थांबले.

आम्हाला वाटलं, आता ते पाणी बघत बसतील. ते पाण्याकडे एकदा बघून म्हणाले, "छान आहे," आणि खुर्ची वळवून परत वळणाशी आले. या वेळी पाचच फेऱ्यांत सुटले. कपाळावर घाम, आणि चेहरा असा, की दोन वर्षांत मी तो विसरूनच गेले होते.

"हे वळण आम्ही रुंद करू, काका," वनरक्षक म्हणाला.

"करा. दुसऱ्या कुणाची खुर्ची अडायला नको," काका म्हणाले. "पण आज राहू द्या."

"उद्याच उसवते," मावशी म्हणाली. ती झाडाला टेकून पदराने डोळे पुसत होती, हसतही होती, आणि दोन्हीची तिला लाज वाटत होती.

काकांनी खुर्ची तिच्यापाशी आणली आणि मांडीवर थाप मारली. "चल, बस."

"अहो, लोक बघतायत."

"तीस वर्षं परक्या लोकांना नेलं. तुला नको न्यायला?"

मावशी वजनाने काही कमी नाही. खुर्ची करकरली. डॉक्टरांनी डोळे मिटले. काकांनी तळ्याच्या दिशेने वळणात चाकं घातली, तशी ती उतरायला लागली. म्हणाली, "अडेल हो, मी एवढं चालत जाते."

"शेवटपर्यंत नेतो," काका म्हणाले. "बसून राहा."

आणि जन्मात कुणाचं न ऐकलेली माझी मावशी बसून राहिली.